आवाज त्याचा, गळा दुसऱ्याचा

घरात त्याला भोंगा म्हणत. पाळण्यात असताना तो रडायला लागला की गल्लीच्या टोकाची कुत्री जागी व्हायची, असं आई सांगायची. आईच्या सांगण्यातला मीठमसाला वजा केला तरी पोराच्या गळ्यात दम होता, हे खरंच. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन घरांमधल्या बोळावर पत्रा टाकलेला, खाली एक लांब टेबल, त्यावर जळक्या डागांचं ब्लँकेट आणि कोळशाची इस्त्री. शाळा सुटली की भोंगा कपड्यांवर पाणी शिंपडायला उभा राहायचा आणि शिंपडता शिंपडता गायचा. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दुकानाकडे फिरकायचा नाही. तो लग्नाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा, आणि झकास वाजवायचा. धाकट्याला सूर त्यानंच शिकवला. चुकलं की टपली, बरोबर आलं की काहीच नाही.

कपडे टाकायला येणाऱ्यांत एक संगीतकार होते. भोंग्याची शाळा संपली त्या वर्षी एकदा ते शर्ट घेऊन निघाले आणि पायरीवरच थबकले.

"आत कोण गातंय? रेडिओ लावलाय का?"

"रेडिओ असता तर बंद तरी करता आला असता," वडील म्हणाले.

आठवड्याभरात भोंगा स्टुडिओत होता. भिंतींना जाड सतरंज्या लावलेल्या, मधोमध माइक, काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. भोंग्यानं पहिली ओळ गायली आणि ध्वनिमुद्रकानं कानावरचे हेडफोन ओढून काढले. भोंग्याला माइकपासून लांब, पार भिंतीला टेकून उभं केलं. संगीतकार जवळ येऊन म्हणाले, "उभा लांबच राहा, पण शेजारी बसलेल्या माणसाला सांगतोयस असं गा." ते त्याला असं काही जमलं की काचेपलीकडचा माणूस हातातली सिगारेट ओढायची विसरला. गाण्यातला माणूस एवढंच म्हणत होता की दार नुसतं पुढे केलंय, कडी घातलेली नाही. पण लोकांना वाटलं, हा आपल्यालाच सांगतोय.

रेकॉर्डवर छापायला नाव हवं होतं. "हे असलं नाव कोण विकत घेईल?" असं म्हणून कंपनीच्या साहेबांनी त्याचं खरं नाव खोडलं आणि एक गोंडस, गोडगोड नाव ठेवलं. आई त्या नावाला पोट धरून हसली. वर्षभरात मात्र तेच नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. हॉटेलात, न्हाव्याकडे, शाळेच्या सहलीत, जिथे जावं तिथे त्याचं गाणं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

दादानं अकॉर्डियन पेटीत ठेवलं ते कायमचं. "गाण्याचं तू बघ, बाकीचं मी बघतो," तो म्हणाला. या बाकीच्यात पुढे सगळंच आलं. कोट कुठला घालायचा, कुणाशी बोलायचं, दिवसाला किती कार्यक्रम घ्यायचे, सगळं दादा ठरवायचा. भोंग्याची बायको कोरसमध्ये गाणारी होती, गळा गोड होता तिचा. लग्नानंतर दादा म्हणाला, "एका घरात एक गाणारा बास झाला." तिनं गाणं सोडलं. भोंग्याला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दहाएक वर्षं अशी दणक्यात गेली. मग सकाळी आवाज सुटायला वेळ लागू लागला. आधी चहा होईपर्यंत, मग दुपारपर्यंत. वरच्या सुरात मध्येच खरखर यायची, ती तो हसून झाकायचा आणि लोकांना तीही अदा वाटायची. शेवटी बायकोनं त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. घशात आरसा घालून डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"गाठ आहे. सहा महिने बोलायचं नाही. गाणं तर सोडाच, हूं म्हणायचं नाही. पाटी घ्या आणि लिहा."

घरी आल्यावर दादा म्हणाला, "ठरलेला दौरा तेवढा उरकू, मग बस म्हणावं पाटी घेऊन."

"दादा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?" बायको कधी नव्हे ती दिराच्या तोंडाला लागली.

"डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात."

दोघांनी भोंग्याकडे पाहिलं. पुढे आयुष्यभर त्यानं दादाला बोल लावला, पण त्या क्षणी नको म्हणायला त्याचं तोंड कुणी धरलं नव्हतं. त्याला जायचं होतं. हजार माणसं एका दमात आपलं नाव घेतात, ते एकदा अंगात भिनलं की पाटी घेऊन बसणं म्हणजे शिक्षा वाटते. तो म्हणाला, "एवढा दौरा करतो."

दौऱ्यातून तो परतला तो रक्ताची गुळणी टाकत. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पट्टी निघाल्यावर त्यानं बायकोला हाक मारली तर लाकडावर कानस घासावी तसा आवाज आला. ती खिडकीकडे वळली आणि उगाचच पडदा सारखा करत राहिली.

दादानं बाहेर ताकास तूर लागू दिली नाही. भाऊ आता कार्यक्रम करत नाही, फक्त रेकॉर्डिंग करतो, एवढंच तो सांगे. भोंग्याला वाटलं, भाऊ आपली लाज झाकतोय. मनातल्या मनात त्यानं त्याचे आभारही मानले.

मग एक दिवस तो दाढी करायला न्हाव्याकडे बसला होता. तोंडाला फेस, मान मागे टाकलेली. रेडिओवर निवेदिकेनं त्याचं नाव घेतलं, ते गोंडस नाव, आणि म्हणाली, नवं गाणं. भोंगा डोळे मिटून ऐकू लागला. आवाज त्याचाच. तोच लांबून जवळ येणारा सूर. क्षणभर त्याला वाटलं, आपण हे कधीतरी गायलो आणि विसरलो. मग ओळीच्या मध्येच गाणाऱ्यानं श्वास घेतला. तिथे भोंग्यानं जन्मात श्वास घेतला नसता. तो ताडकन उठला. वस्तरा गालाला लागला.

"अहो, हलताय काय!" न्हावी ओरडला. मग पुसता पुसता म्हणाला, "काय गातो नाही हा माणूस? वय वाढतंय तसा गोडच होत चाललाय."

न्हावी त्याला ओळखत नव्हता.

तो अर्धी दाढी घेऊन तसाच घरी आला. दादा जेवत होता. "कोण गायलंय ते?" भोंग्यानं खरखरीत आवाजात विचारलं.

"एक टायपिस्ट आहे. कुठल्याशा ऑफिसात. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात तुझी गाणी गातो." दादानं घास खाली ठेवला नाही. "आवाज ऐक त्याचा. मी तर पहिल्यांदा दचकलोच."

"माझ्या नावावर?"

"मग काय त्याच्या नावावर काढू? त्याला कोण ओळखतं? अरे, तुझं नाव जिवंत ठेवलंय मी. नाहीतर आत्तापर्यंत लोकांनी तुला विसरून पण टाकलं असतं."

"आणि मी?"

"तू काय?" दादा म्हणाला, आणि त्याला खरोखरच प्रश्न कळला नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा रेकॉर्ड कंपनीत गेला. जुने साहेब केव्हाच गेले होते. खुर्चीत एक तरुण माणूस होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं, वागण्यात काडीची कसूर केली नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ते नाव कंपनीनं ठेवलेलं आहे. ते कंपनीचं. त्या नावानं कोण गातं, ते कंपनी ठरवते. तुमच्या भावाला हे माहीत आहे. तुमचं स्वतःचं नाव काय?"

भोंग्यानं आपलं खरं नाव सांगितलं. कित्येक वर्षांत ते कुणी घेतलं नव्हतं. त्याच्या बसक्या घशातून ते त्या तरुणाला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?" त्यानं विचारलं. भोंग्यानं पुन्हा सांगितलं नाही.

काही महिन्यांनी दादानं टायपिस्टला रंगमंचावर आणलं, शिष्य म्हणून. पहिल्या रांगेत गुरू बसलेला दिसला पाहिजे, असा दादाचा हट्ट. बायको म्हणाली, "जाऊ नका. तुमचाच जीव जळेल." तो गेला. टायपिस्टला एकदा बघायचंच होतं त्याला.

कार्यक्रमाआधी दादानं त्याला मागच्या खोलीत नेलं आणि दोघांना सोडून तो निघून गेला. टायपिस्ट किडकिडीत होता, मानेभोवती मफलर. भोंग्याला बघताच तो गडबडून उठला आणि आपली खुर्ची त्यानं पुढे केली.

"तुमच्यामुळेच मी आहे," तो म्हणाला. म्हणताना त्यानं खाकरून घसा साफ केला. मग गरम पाण्याचा घोट घेतला, जबड्याखाली दोन बोटं दाबली, पुन्हा खाकरला.

भोंगा त्या बोटांकडे बघत राहिला. ती जागा त्याला ठाऊक होती.

"सकाळी आवाज उशिरा सुटतो का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?" टायपिस्टचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले. "दादा म्हणतात, दिवसाला तीन तीन तालमींची सवय नाही म्हणून. होईल म्हणाले."

भोंग्यानं तोंड उघडलं. आज गाऊ नकोस. उद्या सकाळी डॉक्टरकडे चल, मी येतो. सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाहेर प्रेक्षकांनी नावाचा गजर सुरू केला, तेच गोंडस नाव, टाळ्यांच्या ठेक्यावर. भोंगा सवयीनं उठून उभा राहिला.

टायपिस्टचा चेहरा उजळला. मफलर काढत तो म्हणाला, "मला बोलावताहेत."

भोंगा पुन्हा खुर्चीत बसला. "सर्दी असेल," तो म्हणाला. "गरम पाणी पीत जा. छान गातोस. गात राहा."

पहिल्या रांगेत बसून त्यानं अख्खा कार्यक्रम ऐकला आणि टाळ्याही वाजवल्या. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसा आहे?" तो म्हणाला, "चांगला आहे." त्याला जेवण गेलं नाही.

टायपिस्ट आणखी दोन वर्षं गायला. नंतर दादा दुसऱ्या कुणाच्या तरी शोधात गावोगाव हिंडू लागला. पण तोवर लोकांनाच ते गाणं जुनं वाटायला लागलं होतं. कंपनीनं नाव गुंडाळून ठेवलं. दादा वरच्या मजल्यावर नुसता बसून असे. दोघा भावांत बोलणं उरलं नव्हतं. जिन्यात गाठ पडली की एक जण भिंतीला टेकून दुसऱ्याला वाट देई, एवढंच.

एका दुपारी दारावर थाप पडली. टायपिस्ट होता. नोकरी त्यानं गाण्यासाठी सोडली होती, ती परत मिळाली नव्हती. बायकोनं त्याला बसवलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना?" त्यानं विचारलं. त्याचाही आवाज आता कानशीसारखा झाला होता. आतून बायको दचकून दारात आली. कोण बोललं, तिला कळेना.

भोंग्याला खोटं सुचलं नाही. "कळलं होतं," तो म्हणाला.

टायपिस्ट पुढचं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबला. चहा आला. टायपिस्टनं बायकोला हात जोडले, कपाला हातही लावला नाही, आणि जिना उतरून गेला.

"काय कळलं होतं तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग दोन्ही कप उचलून आत घेऊन गेली आणि त्या दिवशी त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.