रंगमास्तरची कृती आणि माझा इन्स्टॉलर

पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाईंग हाउसमध्ये मी चार वर्षं बादल्या उचलल्या. तिथला रंगमास्तर रंगाची पूड मोजताना आमच्याकडे पाठ फिरवायचा. एकदा रंगाची कृती विचारली, तर त्यानं मला कामावरून काढलं. तो राग अजून गेलेला नाही. पण धंद्याचा धडा मी त्याच्याकडूनच घेतला: कापड विकावं, कृती देऊ नये.

पुढे भेस्तानला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोफत मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टम हाती लागली, पण ती कॉम्प्युटरवर चढवणारा प्रोग्रॅम, म्हणजे तिचा इन्स्टॉलर, इंग्रजीत. पाच महिने खपून मी त्यात गुजराती आणि मराठी मेनू बसवले. एका कॉलेजनं त्याच्या सीड्या मागवल्या. तिथले सर नाशिककडचे. मऊ बोलायचे, पण जागचे हलायचे नाहीत.

"सोर्स कोडची सीडी कुठंय?" सीड्या घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं.

"सोर्स इंटरनेटवर आहे की सर. ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा."

"तो मूळचा. तुम्ही बदल केलेत त्यांचा कुठंय? या सिस्टमचं लायसन्स वाचलंत का? ज्याला सीडी दिली, त्याला बदलांसकट सोर्स द्यावा लागतो."

म्हणजे प्रोग्रॅमची कृतीच द्यायची. तीही फुकट.

"बरं, मूळचा सगळा देतो. माझे मेनू तेवढे राहू द्या."

"नाही."

"गुजराती घ्या. मराठी माझ्याकडे."

"अहो, हे कापड नाही."

मी उठून दाराशी गेलो. बाजारात घासाघीस करताना या क्षणाला मागून हाक येते. सर चहा पीत राहिले. मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी आत जाऊन सोर्स देण्याचं कबूल केलं.

महिन्याभरात समोरचा दुकानदार माझाच इन्स्टॉलर विकू लागला. सोर्स त्याला सरांनीच दिला होता, आणि लायसन्स तेही करू देतं. पण या गड्यानं प्रत्येक फाइलीतून माझं नाव काढलं होतं.

मी लायसन्सचा कागद घेऊन त्याच्या दुकानात गेलो. "नक्कल कर, वीक. पण माझं नाव पुसायचं नाही. हे कलम वाच."

"शेठ, मोफतच्या मालाला कसलं कलम? चला, अर्ध्या फायलींत ठेवतो."

"हे कापड नाही," मी म्हणालो.

तो उठून दुकानाबाहेर गेला आणि पायरीवर उभा राहिला. मी हाक मारली नाही. त्याच्याच खुर्चीत बसून त्याचाच चहा प्यालो. तो परत आला आणि माझ्यासमोर एकेका फाइलीत माझं नाव घालत बसला.

घरी येऊन त्याची सीडी तपासली. माझ्या गुजराती मेनूतल्या अकरा चुका त्यानं दुरुस्त केल्या होत्या आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं. दुरुस्त्या चांगल्या होत्या, म्हणून मी त्या घेतल्या. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सीडीत त्या माणसाचं नाव आहे, आणि लायसन्सप्रमाणे मला ते पुसता येत नाही.