अडुळशाची गंधकधुरी

सांगलीत एम.एस्सी. करताना मला अडुळशाच्या पानांचा अर्क काढून त्यातले अँटिऑक्सिडंट गुण तपासायचे होते. नव्वदच्या दशकात हा शब्द अजून जाहिरातींत पोचला नव्हता, त्यामुळे तो उच्चारला की घरचे आदराने गप्प बसत. पहिला वर्ग मिळाला तर आमच्याच कॉलेजात शिकवायला घेऊ, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी कबूल केलं होतं.

पानं सावलीत वाळवायची होती. होस्टेलच्या खोलीत त्यांना बुरशी धरली. तासगावला काकांची बेदाण्याची शेड होती. सावली, वारा, जाळ्या, सगळं तयार! ताजी पानं पोत्यात भरून एसटीने नेऊन दिली. आठवड्याने काकांनी ती वाळवून पाठवली, एकाही पानावर डाग नाही.

परीक्षानळीतलं जांभळं द्रावण अर्काने जितकं फिकं पडेल, तितका अर्क गुणी. आमचा अर्क पडताच द्रावणाचा जांभळा रंग पार उडाला. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आजवरच्या सगळ्या वैद्यांना जे जमलं नाही, ते आम्ही चार थेंबांत उरकलं होतं.

काकांचे आभार मानायला मी तासगावला गेले.

"काका, पानं एवढी चांगली कशी राहिली वो?"

"आगं, काळी पडाय लागली व्हती. म्हनलं, पोरीचं परीक्षेचं काम हाय. बेदाण्याला देतो तशी गंधकाची धुरी दिली. लय झाक झाली न्हवं?"

गंधकाच्या धुरीनेही ते द्रावण फिकं पडतं. अडुळसा बिचारा नावापुरता होता.

सरांना सांगितलं. "हे तू मला सांगितलंच नाहीस, असं समजू," ते म्हणाले. केवढं ते औदार्य! मी मात्र करंटी. बिनधुरीची पानं वाळवून पुन्हा प्रयोग केला, द्रावण जेमतेम फिकटलं, आणि प्रबंधात धुरीसकट सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेत सर पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला दुसरा वर्ग मिळाला आणि ती जागा गेली. लय रडले.

निकाल कळल्यावर काका बेदाण्याचा पुडा घेऊन आले. माझा उतरलेला चेहरा त्यांनी धुरीचं सांगितलं त्या दिवशीच पाहिला होता.

"माज्या धुरीनं काय बिघडलं का गं?"

"छे हो काका, पेपरच अवघड होते."

प्रबंधात एक ओळ खोटी लिहायला हात धजला नव्हता. इथे जीभ जरासुद्धा अडखळली नाही.