गच्चीवरचं सोलर आणि आबांचं मशीन

आमच्या घरामागे लूमचे कारखाने आहेत. त्यांची खटखट थांबली की लाइट गेली, हे कळायला पंख्याकडे बघावं लागत नाही. त्या सुट्टीच्या दुपारी खटखट थांबली आणि मी मजेत पेपर वाचत राहिलो. गेली तर गेली, आपल्याला काय! पंधरा दिवसांपूर्वीच गच्चीवर सोलर बसवलं होतं आणि त्याची मस्ती अंगात होती.

बसवलं ते आबांसाठी. वडिलांची उभी हयात लूमवर गेली, कापसाचं तूस छातीत बसलं, आणि आता दिवसरात्र त्यांच्या नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी असते. मशीन चालू म्हणजे मीटरही पळत असतं. बिल आलं की माझं डोकं फिरायचं, आणि आबा ओशाळून म्हणायचे, "जरा येळ बंद ठेव ना, मी बसतो तसाच." सोलर आल्यावर मशीन दिवसभर उन्हावर चालायला लागलं. आज किती वीज तयार झाली ते मी रोज मोबाइलवर आबांना दाखवायचो, आणि त्यांचं ते ओशाळणं थांबलं. मला आभाळ ठेंगणं झालं. आता काळजी मिटली म्हणून जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट पडघ्याच्या बहिणीला देऊन टाकला. अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडरही परत केला. शहाणाच मी!

आतून मशीनची शिट्टी ऐकू आली तेव्हा आधी कळेचना. धावत गेलो तर मशीन बंद, आणि आबा डोळे मिटून पडलेले. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी.

तसाच गच्चीवर पळालो. डोळे दिपवणारं ऊन होतं, पॅनलला हात लावला तर चटका बसला. तरी खालच्या डब्यावर लाल दिवा. सोलर बसवणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे बॅटरी नाही ना. बाहेरची लाइट गेली की सोलरपण बंद होणार. पोलवर कुणी दुरुस्तीला चढला असेल, त्याला आपल्या करंटचा शॉक बसू नये म्हणून. मी सांगितलं होतं तुम्हाला." सांगितलंही असेल. मी तेव्हा पॅनलचे फोटो काढत होतो.

खाली आलो तर चौऱ्याऐंशी. आबांचे ओठ काळपट दिसायला लागले होते. अॅम्ब्युलन्सचा नंबर मोबाइलवर समोर दिसत होता, पण बोट नेमकं जागेवर पडेना. मी खिडकीतून नुसता ओरडलो. शेजारच्या खाला त्यांच्या खिडकीत आल्या. त्यांना एका शब्दात कळलं. "रो मत बेटा, हमारा इन्वर्टर चालू है. वायर फेंक, जल्दी!"

एक्स्टेन्शनची वायर दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती झेलली. मशीन घरघरलं, आणि मी चिमट्यावरचे आकडे बघत जमिनीवर बसलो. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. नव्वद. मग मी लहान मुलासारखा रडलो, लाज न बाळगता.

आठवड्याच्या आत बॅटरी बसवून घेतली. कारागिराने मेन स्विच पाडून दाखवला. दिवे गेले नाहीत, आबांचं मशीन चालूच राहिलं. सोलरचा खरा फायदा हा, आणि तो मला आबांचे ओठ काळे पडल्यावर कळला.

"बघा आबा," मी म्हणालो, "आता कितीही वेळ लाइट जाऊ दे. त्या दिवशी मी भीतीने अर्धा मेलो होतो."

"त्यात काय घाबरायचं," आबा म्हणाले. "त्याच्या आधीपन दोनदा बंद झालेलं. एकदा तर आर्धा तास. तू ड्युटीवर होतास."

घरात दिवसा आबा एकटेच असतात.

"फोन का नाही केलात? मला सांगितलं का नाही?"

आबांनी नळी नाकाशी नीट केली. "तू रोज येऊन मोबाइल दाखवायचास," ते म्हणाले. "येवढा खूश होतास. मग बोललो न्हाय."