आत्याबाईंच्या डोळ्यांचं पाणी

लग्न होऊन मी कारंज्याहून मेडशीला आले, तेव्हापासून आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. भाजी निवडताना, टीव्ही पाहताना, दारात बसून कोणाशी बोलताना त्या पदराने डोळे टिपत राहायच्या. उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर बसल्या की धारच लागायची. "धूळ गेली असन," असं म्हणून त्या मेडिकलमधून आणलेली अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायच्या आणि पुन्हा टीव्हीकडे पाहायच्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर बाहेर असते. नवरा अकोल्याला नोकरीला, तो शनिवारी येतो. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यामुळे घरी आत्याबाई एकट्या, आणि दुपारी गल्लीतल्या बाया त्यांच्याजवळ येऊन बसायच्या. हे मला चांगलंच वाटायचं.

एक दिवस मी दळण घेऊन गिरणीवर गेले. तिथे शेजारच्या काकूंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुही सासू काहून रडते वं रोज?"

"रडत नाहीत काकू, डोळ्यातून पाणी येते."

"हाव, पानीच येते रडल्यावर," काकू म्हणाल्या, आणि गिरणीवरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

त्याच आठवड्यात वाशीमहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईले काय म्हणता तुमी? गावातल्या बाईनं सांगतलं मले, आई सारखी रडून राह्यली म्हणे." मी म्हटलं, तुम्हीच या आणि पाहा. ती आली. आईला समोर बसवून तिने खोदून खोदून विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "मले कोनी काई म्हनत नाई." पण हे सांगताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यामुळे नणंदेचा काही विश्वास बसला नाही. शेवटी तीच म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ, तिथे काय ते कळेल.

आम्ही तिघी एसटीने वाशीमला निघालो. आत्याबाई खिडकीजवळ बसल्या. वाऱ्याने मालेगाव यायच्या आत त्यांचा रुमाल ओला झाला. समोरच्या सीटवरची एक म्हातारी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे असं काही पाहत होती, की मी नजर बाहेर वळवली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पापण्या उलटून पाहिल्या, डोळ्यांत जळजळ होते का, तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का असं बरंच विचारलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचे डोळे कोरडे पडले आहेत."

"कोल्डे?" आत्याबाई ताडकन सरळ बसल्या. "मंग हे पानी कायचं? इतक्या दुरून मी रुमाल पिळत आली!"

डॉक्टर बाई हसल्या, नणंदही हसली. मला मात्र ही गोष्ट भलतीच विचित्र वाटली आणि मी प्रश्नांमागून प्रश्न विचारू लागले. डॉक्टर बाईंनी आत्याबाईंच्या डोळ्यांत पिवळा रंग लावला, निळा उजेड टाकला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच या, पाहा."

मी यंत्राला डोळा लावला. आत्याबाईंचं बुबुळ निळ्या उजेडात हिरवं चमकत होतं. "मावशी, एकदा मिटा, आता उघडून ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. उघडताच सगळीकडे सारखा हिरवा थर दिसला. आणि मी नीट पाहीपर्यंत त्याला काळी भोकं पडू लागली. एक इथे, एक तिथे, मग ती एकमेकांना मिळाली. आत्याबाईंनी पापणी मिटली, थर परत आला, परत फाटला. मी किती वेळ पाहत राहिले असते कोण जाणे, नणंदेने खांद्याला हात लावून मला उठवलं.

डॉक्टर बाईंनी समजावलं. पापणीच्या कडेला बारीक ग्रंथी असतात. त्यांतलं तेल पाण्यावर पसरतं, म्हणून पाणी डोळ्यावर टिकतं. आत्याबाईंचं तेल आतच घट्ट झालं होतं. मग डोळा वाळतो, चुरचुरतो, आणि घाबरून भसकन पाणी सोडतो. पण ते पाणी थांबत नाही, गालावर उतरतं.

"तूप थिजते तसं व्हय?" आत्याबाईंनी विचारलं.

"तसंच. म्हणून शेकायचं."

कोमट पाण्यात स्वच्छ फडकं पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचं, मग पापण्यांवरून हलकं बोट फिरवायचं. दिवसातून काही वेळा थेंब. कूलरची हवा तोंडावर नको. टीव्ही पाहताना पापण्या पूर्ण मिटायच्या. अ‍ॅलर्जीची गोळी दाखवली तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, ही बंद, हिने डोळे आणखी वाळतात. आत्याबाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नणंदही दोन दिवस राहायला आमच्यासोबत परत निघाली. परतीच्या गाडीत मी आत्याबाईंना विचारलं, "आत्याबाई, बायांना कधीच का नाही सांगितलं, सून काही म्हणत नाही म्हणून?"

"मले कोनी इचारलंच नाई. त्याईनंच ठरवलं." आणि डोळे टिपत म्हणाल्या, "अन् येऊन बसत होत्या ना माह्याजवळ. चहा घेत, हात धरत. मले बरं वाटे. खोटं कायले बोलू?"

मला राग यायला हवा होता. पण दिवसभर त्या घरात काय करत असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता, तो तेव्हा केला. नणंद खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहत होती.

घरी आल्यावर शेकणं सुरू झालं. आठवडे गेले तसं पाणी कमी झालं; पुरतं थांबलं नाही, डॉक्टर बाईंनी तसं सांगितलंच होतं. मला मात्र पापण्यांचं वेडच लागलं. वर्गात पोरं फळ्याकडे पाहताना, गल्लीत मोबाइलवर गेम खेळताना पापणी मिटायची विसरतात, हे मला आता दिसू लागलं. आत्याबाई तर गल्लीच्या डॉक्टर झाल्या. शेजारच्या काकूंना धुरकट दिसू लागलं, तेव्हा आत्याबाईंनी त्यांना रोज शेक घ्यायला लावलं आणि पाहू पाहू म्हणत पुष्कळ दिवस घालवले. शेवटी मीच रागावले, तेव्हा दोघी एसटीने वाशीमला गेल्या.

संध्याकाळी आत्याबाई एसटीतून उतरून घरी आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "तिले मोतीबिंदू निंगला. मी तं समजली, माह्यासारखंच आहे." आणि कपबश्या उचलता उचलता, "ऑपरेशनले तिच्यासंग मीच जातो म्हटलं. तिचं पोरगं पुण्याले आहे, कोन जाईन?"