भिंतीचा ताप बघणाऱ्या सिस्टर

कुठल्याही खोलीत शिरल्या की सिस्टर आधी पश्चिमेच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तशी. मग खुर्ची ओढून बसायच्या, किंवा बसायच्याच नाहीत. परभणी जिल्ह्यात बोरीच्या पुढच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण सरपंचांपासून अंगणवाडीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांची हाक एकच, सिस्टर.

मी तेव्हा परभणीत एका आर्किटेक्टकडे नुकतीच कामाला लागले होते. गाव माझं सेलू. एका कंपनीने त्या उपकेंद्राला नवी इमारत बांधून द्यायचं ठरवलं होतं आणि तिला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे, अशी अट घातली होती. वीज किती वाचली, पाणी किती जिरवलं, उजेड आणि वारा कसा घेतला, झाडं किती राखली, अशा प्रत्येक गोष्टीला गुण असतात आणि गुणांवरून श्रेणी ठरते. ते सगळे कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. एप्रिलमध्ये नकाशाची गुंडाळी घेऊन मी गावात गेले. सिस्टरनी ती उघडूच दिली नाही. माझा हात धरून बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीवर ठेवला. मला तो चटकन मागे घ्यावा लागला.

"आता दुपारचे तीन वाजलेत," त्या म्हणाल्या. "रातची जेवणं झाल्यावर बी ही अशीच ऱ्हाती. हिच्या शेजारी बाळंतीण झोपती, मॅडम."

त्या खोलीत त्यांनी स्वतःच आणलेला तापमापक टांगलेला होता. लसीच्या फ्रिजचं तापमान रोज लिहून ठेवण्याचा नियम असतोच. सिस्टर त्याच वेळी एका वेगळ्या वहीत खोलीचंही लिहायच्या. तारीख, वेळ, आकडा आणि खाटेवर कोण आहे. हा नाद त्यांना एका बाळामुळे लागला. ऊसतोडीवरून परतलेली एक पोर उपकेंद्रात बाळंत झाली. बाळ चांगलं भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तापाने फणफणलं, दूध ओढेना. सिस्टर स्वतः त्याला मांडीवर घेऊन परभणीला गेल्या. तिथल्या थंड वॉर्डात एका दिवसात त्याचा ताप उतरला आणि तपासण्यांत काहीही निघालं नाही.

"लेकराला कायबी झालं नव्हतं," त्या सांगायच्या. "खोली आजारी व्हती. अन् खोलीला औषध द्यायचं कुनाच्याच यादीत नव्हतं."

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या नकाशात इमारतीची लांब बाजू रस्त्याकडे होती, तिला मोठमोठ्या काचा होत्या, आणि रस्ता नेमका पश्चिमेला. कंपनीची पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला हवी होती. शेवटी सिस्टरनी नकाशा नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "पाटी लावा की रस्त्याकडं. बाळंतीण कशाला रस्त्याकडं ठिवायलाव?"

मी हे आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, नकाशा मंजूर झालाय, आता काही होत नाही. हे मी सिस्टरना फोनवर कळवलं. "बरं," म्हणाल्या. दोनच दिवसांनी रजा काढून त्या आमच्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसल्या. सर भेटले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला कंपनीचे अधिकारी आलेले होते. सिस्टर उठल्या, दार ढकलून आत गेल्या आणि ती वही त्यांच्यासमोर ठेवली.

"साहेब, तुमी एसी देणार, हे मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडं दुपारची लाईट नसती. तुमी भिंत नीट बांधा. तिला लाईट लागत न्हाई."

अधिकारी बराच वेळ पानं उलटत राहिले. मेच्या पानांवर थांबले. मग आमच्या सरांना म्हणाले, "इमारत फिरवून काढायला किती दिवस लागतील?"

इमारत फिरली. लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला आल्या, पश्चिमेला फक्त सामानाची खोली आणि संडास राहिले. पहिल्या नकाशात तोडायची ठरलेली कडुलिंबाची दोन मोठी झाडं त्याच बाजूला जिवंत राहिली. ऊन परतून जावं म्हणून गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले. मला हे सगळं कॉलेजात शिकवलं होतं. पण ते कुणासाठी करायचं, ते शिकवलं नव्हतं.

छताचा स्लॅब टाकून झाला तेव्हा दसरा तोंडावर आला होता. गावातला दौरा आटोपून सिस्टर रोज तिसऱ्या प्रहरी बांधकामावर यायच्या. एकदा त्यांनी खाट येणार होती त्या जागी एक वीट ठेवली आणि शेजारी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सरकत त्या विटेवर आलं. मापून पाहिलं तर खिडकीवरचा छज्जा नकाशापेक्षा वीतभर कमी निघाला. वीतभराने काय होतं, असं ठेकेदार म्हणाला. "तुमी झोपा इथं," सिस्टर म्हणाल्या, "मी बघते काय व्हतंय ते." त्याने छज्जा वाढवून दिला.

इमारत वापरात येऊन एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा गेला, तेव्हा प्रमाणपत्राचे परीक्षक आले. जुन्या आणि नव्या खोलीचे आकडे समोरासमोर पाहून ते खूश झाले. अशी वही शहरातल्या इमारतींतही मिळत नाही म्हणाले. मग पाण्याचा विषय निघाला. गच्चीचं पाणी जिरवायचा खड्डा पूर्ण झालाय, असं मी अर्जात लिहिलं होतं. ठेकेदाराने तसं सांगितलं होतं आणि मी जाऊन पाहिलं नव्हतं. परीक्षकांनी सहज सिस्टरना विचारलं.

"खड्डा हाय, साहेब. पण आत खडी-वाळू टाकलेली न्हाई. पाणी जिरत न्हाई, साचतं. डास व्हायलेत."

माझी मान खाली गेली. गुण कापले गेले, श्रेणी एक पायरी खाली आली. सर माझ्यावर संतापले, मी मनातून सिस्टरवर. आठ दिवस त्यांचा फोन घेतला नाही. मग न राहवून गेले आणि विचारलं, "आठ दिवसांत झालंच असतं ना ते काम. गप्प बसता आलं नसतं?"

त्या बाळांच्या डोसांचं रजिस्टर भरत होत्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, चाळीस लेकरांना डोस देऊन मी हितं पन्नास लिहिले, तर तू मला काय म्हणशील?"

दुसऱ्या दिवशी खडी-वाळूचा ट्रॅक्टर घेऊन मी आले आणि खड्डा भरून होईपर्यंत उभी राहिले. श्रेणी काही बदलली नाही. पाणी मात्र जिरायला लागलं. तेव्हापासून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठल्याच अर्जात मी 'पूर्ण' असं लिहिलेलं नाही. त्यापायी दोन कामं हातची गेली.

त्या हिवाळ्यात सिस्टर निवृत्त झाल्या. नव्या नर्सला चार्ज देताना कोणती खिडकी किती वाजता उघडायची आणि कोणती बंद ठेवायची, तेही त्यांनी शिकवलं. मग चारठाण्याला आपल्या घरी राहायला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "इमारत बांधली म्हंजी काम झालं असं न्हाई. मे महिन्यात एकदा जाऊन बघ. कुनी बोलवणार न्हाई, तरी जा."

मेमध्ये मी गेले. दुपार होती, बाहेर रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. खोलीत एक पहिलटकरीण आणि तिचं चार दिवसांचं बाळ होतं. मी दारातूनच सिस्टरना फोन लावला आणि गच्ची, खिडक्या, खड्डा असं एकेक सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते असू दे. खोलीत कोन हाय का?"

"आहे. बाळंतीण आहे."

"काय करायलीय?"

"झोपलीय. बाळही झोपलंय."

"मग तिथं बोलत काय उभी ऱ्हायलीस? ठिव फोन. उठतील ती."