वहिनींची आणि ढब्बूची ड्युटी

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जव्हारच्या दवाखान्यात ड्युटीवर होते. खरं सांगते, आधी रागच आला. कमळीच्या हाताचं काम अर्धवट टाकून जायचं, ही काय रीत झाली...

पोशेरा गावच्या या लहान पोरीचा हात चुलीतल्या निखाऱ्यांवर पडून भाजला होता. जखम भरली, पण ती मूठ उघडेना. व्यायाम केला नाही तर बोटं कायमची आखडणार होती. मी समजावलं, रागावले, बिस्किटं दिली. ती मूठ छातीशी धरून बसायची. हे ऐकून माझ्या वहिनींनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी, जाहीर केलं, "वन्सं, उद्यापासून ढब्बू नि मी येतो." ढब्बू त्यांचा कुत्रा. शहरात कुत्र्यांना रुग्णांच्या भेटीला नेतात, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं.

"इथे माणसांना बसायला बाकडं नाही, वहिनी."

"तो खालीच बसतो."

त्यांनी डॉक्टरांना गाठलंच. लस टोचायची, आंघोळ घालायची, व्हरांड्यातच थांबायचं आणि शांत बसायचं, अशा अटी ठरल्या. कुत्र्याने त्या पाळल्या. वहिनींचं तोंड मात्र साखरशेतच्या शाळेपासून मोखाड्याच्या बाजारातल्या सुक्या मासळीपर्यंत अखंड चालू. शेवटी मी म्हटलं, "जरा गप्प बसा." त्या गप्प बसल्या, आणि ढब्बू उठून पायऱ्या उतरू लागला.

"बोल ना बाय, त्यो चालला," कमळीची आई म्हणाली.

वहिनींनी माझ्याकडे बघत पुन्हा सुरुवात केली. ढब्बू परत येऊन बसला. त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा तर तळवा उघडावा लागतो. कमळीने आधी नुसती मूठ टेकवली, मग हळूहळू एकेक बोट... करंगळी तेवढी राहिली होती.

वहिनींच्या तेराव्यानंतर ढब्बूला मी घेऊन गेले. तो बसेना. कमळी हात पुढे करून थांबलेली.

"सिस्टर, तुमी बोला ना."

मला कामापलीकडे बोलता येत नाही. तरी भाजीचे भाव सांगितले, पाण्याची बोंब सांगितली. दोन दिवसांत विषय संपले, तेव्हा वहिनींच्याच तक्रारी काढल्या. त्यांचं खारट वरण, न विचारता ठरवणं, ऐन वेळी निघून जाणं. ढब्बू पायांवर हनुवटी टेकून ऐकत असतो. कमळीची करंगळी अजून उघडायची आहे, आणि तक्रारी भरपूर आहेत.