ओट्यावर दिलेलं नाव

पारोळ्याला आमच्या गल्लीत रोज सकाळी मिस्रीचा वास असायचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची, डबीत भरायची. आम्ही पाच-सहा बाया ओट्यावर बसून तासभर दातांवर बोट फिरवायचो आणि गावाची खबर घ्यायचो. आजही कुठे तंबाखू भाजल्याचा वास आला की तो ओटा आठवतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

आमचे मालक बाजारात हमाल. पाठीवरचं पोतं उतरलं की चंची काढायची, तंबाखूला चुना लावून मळायची आणि गालात धरायची. चंची मीच शिवलेली, माझ्या लुगड्याच्या काठाची.

एका आखाजीच्या सणाला मी ओटा नुकताच सारवला होता. माहेरवाशिणी आल्या होत्या, झोके बांधले होते. हे कामावरून आले आणि ओट्याच्या कडेला पिंक टाकली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आले थुंक्या." बाया हसल्या. हेही हसले. हसले म्हणून मला वाटलं, लागलं नाही. तेव्हापासून ते नाव चिकटलं. बाजारातले हमाल म्हणू लागले, गल्लीतली पोरं म्हणू लागली. मी तर तोंडात काळं बोट घालूनच म्हणायची. मला कुणी काही म्हटलं नाही. बाईची मिस्री म्हणजे दात घासणं आणि पुरुषाची तंबाखू म्हणजे व्यसन, अशी आमची समजूत.

बऱ्याच वर्षांनी एका हिवाळ्यात त्यांनी भरताची थाळी बाजूला सारली. मिरची कमी घाल म्हणाले. थुंक्याला आता मिरची चालेना, एवढे चोचले कुणी पुरवायचे, असं मी ऐकवलं. ते गुपचूप दुधात भाकरी कुस्करून खाऊ लागले. महिना गेला. मग भाकरीही ताटात राहू लागली, तेव्हा मी त्यांना दारातल्या उजेडात ओढलं आणि तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत बोटाच्या पेराएवढी पांढरी जखम होती.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, माझ्या लेकीच्या वयाची. कधीपासून दुखतंय, तिने विचारलं. हे म्हणाले, आठ दिवस. ती रागावली नाही. बीपी विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "बाबा, दिवसातून किती वेळा लागते तंबाखू?" यांनी खरं सांगितलं. मग आपणहून हेही सांगितलं की दुखणं दिवाळीच्या आधीपासूनचं आहे.

बाहेर बाकावर मी विचारलं, मला का नाही बोललात. ते चंचीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"तुले कसाले सांगू? तू म्हनशी, थुंक्या, भोग आते."

'आता भोग', मी तसंच म्हटलं असतं.

गालाचा तुकडा काढावा लागला. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, बिनमिरचीचं भरीत खाऊन. चंची दोनदा सुटली, दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सुटली ती सुटलीच. परत धरली तेव्हा दोन्ही वेळा ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. नुसतं 'अहो' म्हटलं.

आता मी जळगावला मुलाकडे असते. मिस्रीची डबी अजून उशाशी आहे, ती सुटलेली नाही. गेल्या महिन्यात हिरडीवर पांढरा डाग दिसला. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. सून तिखट बोलते, आणि बोलायला ती माझ्याच घरात शिकली. यांना त्या हिवाळ्यात कसं वाटलं असेल, ते त्या दोन दिवसांत कळलं.

तिसऱ्या दिवशी ती कणीक मळत होती, तेव्हा सांगून टाकलं. तिने हात धुतले.

"कोणत्या बाजूला, आई?"

एवढंच म्हणाली आणि मोबाईलचा उजेड लावला. मी तोंड उघडलं.